मोठ्या कंपनीचा व्हेंडर कोड मिळवताना : बेळगाव भागातील लघुउद्योजकांसाठी विक्रीची कार्यपद्धती

उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि काकती या पट्ट्यातील बहुतेक फाउंड्र्या आणि मशीन शॉप वर्षानुवर्षे दोन-तीन पार्ट्यांच्या कामावर चालतात. पहिली पार्टी ओळखीने मिळालेली असते, दुसरी पहिलीच्या शिफारशीने आलेली असते, आणि मशीन भरलेले असेपर्यंत विक्री हे स्वतंत्र काम आहे असे मानण्याची वेळच येत नाही. त्या दोन-तीनपैकी एकीने महिन्याचे शेड्यूल निम्म्यावर आणले की मग घाईघाईने सापडतील तेवढ्या कंपन्यांना प्रोफाइल आणि रेट पाठवले जातात, आणि बहुतेकांकडून साधी पोचही येत नाही. व्हेंडर कोड, म्हणजे कंपनीच्या मान्य पुरवठादारांच्या यादीतला आपला क्रमांक, तर दूरच राहतो.

अशा वेळी रेट जास्त पडला असावा, असा निष्कर्ष आपण काढतो. पर्चेस विभागही तेच सांगतो, कारण सांगायला ते सर्वांत सोपे कारण असते. प्रत्यक्षात चालू पुरवठादार बदलायचा म्हटले की कंपनीतील चार-पाच जणांना आपापल्या जागी काही ना काही धोका पत्करावा लागतो, आणि त्या धोक्याच्या बदल्यात त्यांच्या पदरात काय पडणार हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. या प्रकारच्या विक्रीत एकटा कोणीही होकार देऊ शकत नाही, पण नकार मात्र कोणीही देऊ शकतो. म्हणून प्रत्येकाचा धोका ओळखणे आणि तो पुराव्यानिशी कमी करणे हेच विक्रीचे खरे काम आहे. त्याला सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत वेळ लागतो, हे गृहीत धरूनच पुढील पायऱ्यांकडे पाहावे.

कोणाच्या मागे लागायचे ते आधी ठरवा

सुरुवात आपल्याच कारखान्यापासून करावी. कोणत्या वजनाच्या पट्ट्यातील कास्टिंग (ओतीव भाग) आपण सातत्याने देऊ शकतो, एफजी २६० आणि एसजी ४५०/१० या ओतीव लोखंडाच्या प्रतींपैकी आपला हात कशावर बसलेला आहे, कोअरचे (भागाच्या आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचे) किचकट काम झेपते का, मशीनिंग घरात आहे की बाहेरून करून घ्यावे लागते, आणि महिन्याला किती टन क्षमता खरोखर रिकामी आहे, हे एका कागदावर लिहून काढावे. क्षमता फुगवून लिहिण्याची सवय आपल्याकडे आहे. ऑडिटला आलेला माणूस भट्टीचे लॉगबुक उघडतो आणि दहा मिनिटांत खरा आकडा काढतो, तेव्हा पहिल्या भेटीतील मोठा आकडा आपल्याच अंगावर येतो.

त्यानंतर नकाशा समोर घ्यावा. बेळगावहून धारवाड सुमारे ८० किलोमीटर, कोल्हापूर सुमारे ११०, पुणे सुमारे ३४० आणि बंगळूर सुमारे ५०० किलोमीटर आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून संध्याकाळी निघालेला ट्रक सकाळी पुण्याजवळ चाकणला पोचतो, हे खरे आहे; पण वाटेत कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या बसलेल्या आहेत, आणि पुण्याच्या ग्राहकासाठी त्या आपल्यापेक्षा शंभर किलोमीटरहून अधिक जवळ आहेत. साध्या, जास्त नगांच्या, कच्च्या कास्टिंगमध्ये त्यांच्याशी किलोच्या रेटवर झुंजण्यात माझ्या मते अर्थ नाही. आपली बाजू भक्कम होते ती मशीनिंग करून थेट असेंब्लीवर जाणाऱ्या मालात, कमी नगांच्या पण अनेक प्रकारच्या सुट्या भागांत, आणि हायड्रॉलिक्ससारख्या क्षेत्रात, जिथे बेळगावचे नाव आधीपासून आहे.

यादी आठ-दहा कंपन्यांपलीकडे नेऊ नये. ज्या कंपनीत नवे मॉडेल विकसित होत आहे, ज्या कंपनीचा एखादा महत्त्वाचा भाग एकाच पुरवठादाराकडून येतो, किंवा जिच्या सध्याच्या पुरवठादाराकडे मालाची ओरड आहे, तिला वरचा क्रमांक द्यावा. ही माहिती वेबसाइटवर मिळत नाही. ती त्याच कंपनीला टूलिंग, पेंट किंवा पॅकिंग पुरवणाऱ्या माणसाकडे, ट्रान्सपोर्टवाल्याकडे आणि आपल्याकडून तिकडे नोकरीला गेलेल्या तरुण इंजिनिअरकडे असते. हत्तरगीजवळील विमानभागांच्या विशेष आर्थिक क्षेत्राकडे पाहून अनेकांना त्या क्षेत्रात शिरावेसे वाटते; परंतु त्यासाठी एएस ९१०० हे विमान उद्योगातील गुणवत्तेचे प्रमाणपत्र आणि त्यामागची नोंदींची शिस्त लागते, आणि आयएसओ ९००१ चीच कागदपत्रे ऑडिटच्या आदल्या आठवड्यात भरली जात असतील तर तो विचार सध्या बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

आतली माणसे आणि त्यांची चिंता

या पायरीवर सर्वाधिक वेळ घालवावा, कारण बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. आपण पर्चेस मॅनेजरला भेटतो, त्याच्याशी सूत जुळते, आणि आता काम होणार असे धरून चालतो. पर्चेस मॅनेजर मात्र निर्णयातला एकच दुवा असतो. त्याचे वर्षाचे मूल्यमापन किती बचत केली यावर होते, त्यामुळे त्याला रेट कमी हवा असतो. पण नव्या पुरवठादारामुळे लाइन थांबली तर पहिला फोन त्यालाच येतो, म्हणून तो मनातून जुन्या पुरवठादारावरच विसंबून असतो. आपले कोटेशन दाखवून जुन्याचा रेट पाडून घेणे हा त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. आपल्याकडून तीनदा रेट मागवून एकदाही ड्रॉइंगवर चर्चा झाली नाही, तर आपला उपयोग याचसाठी होत आहे असे खुशाल समजावे.

पुरवठादारांची गुणवत्ता पाहणारा इंजिनिअर वेगळ्याच विवंचनेत असतो. नवा पुरवठादार म्हणजे त्याच्यासाठी नवे ऑडिट, नवी कागदपत्रे आणि पहिल्या तीन लॉटची जातीने तपासणी. त्याच्या डोक्यावर आधीच चाळीस पुरवठादार असतात. उत्पादन विभागाच्या प्रमुखाला रेटशी देणेघेणे नसते. त्याला सकाळच्या पाळीला माल हजर हवा असतो आणि टूल मोडणारे कडक डाग कास्टिंगमध्ये नको असतात. डिझाइन विभाग बदलाला मंजुरी देण्यास कचरतो, कारण ग्राहकाकडून पुन्हा मान्यता घ्यावी लागू शकते. वित्त विभाग टूलिंगच्या आगाऊ रकमेवर बोट ठेवतो. आणि प्लांट हेड या सगळ्यांपैकी कोणी ठाम हरकत घेतली तर सही पुढे ढकलतो.

म्हणून प्रत्येक कंपनीसाठी एक पान ठेवावे आणि त्यावर या माणसांची नावे, प्रत्येकाला सध्या काय खुपते, आपल्यामुळे त्याचे कोणते काम वाढणार आणि ते आपण कसे कमी करू शकतो, हे लिहावे. रकाना रिकामा असेल तर तो भरणे हेच पुढच्या भेटीचे उद्दिष्ट. सहसा या मंडळींपैकी एकाला बदल खरोखर हवा असतो, कारण सध्याच्या मालाचा त्रास तोच रोज सोसत असतो. हा माणूस ओळखावा, त्याला आकडे, फोटो आणि तपासणी अहवाल तयार स्वरूपात द्यावेत, म्हणजे आपण नसलेल्या बैठकीत तो आपली बाजू मांडू शकेल. आपली बाजू नेहमी आपण नसलेल्या बैठकीतच मांडली जाते.

आतला माणूस म्हटल्यावर काहींच्या मनात पाकिटाचा विचार येतो. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही तो तोट्याचा आहे, कारण तो माणूस बदलला की काम जाते आणि येणारा नवा माणूस आपल्याकडे संशयानेच पाहतो. दिवाळीला कुंद्याचा डबा नेण्याची आपली पद्धत आहे, पण अनेक मोठ्या कंपन्यांत तेवढेही स्वीकारण्यास मनाई असते. आधी विचारून घेतलेले बरे.

पहिली भेट

पहिल्या भेटीत प्रोफाइलची पाने उलटवत बसू नये. सध्या कोणत्या भागाचा पुरवठा वेळेवर होत नाही? मशीनिंगनंतर ब्लोहोल (आत अडकलेल्या वायूने पडलेली छिद्रे) निघाले तर त्या खर्चाचे काय होते? गेल्या वर्षभरात नवा पुरवठादार घेतला होता का, आणि त्याचा अनुभव काय आला? नव्या पुरवठादाराला मान्यता देताना कोणाकोणाची सही लागते? असे प्रश्न विचारून गप्प बसावे. शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो, पण समोरच्याला त्यात काही वावगे वाटत नाही आणि उत्तरातून संपूर्ण वाट कळते.

सीमाभागातील उद्योजकाला इथे एक फायदा आहे, ज्याची आपण फारशी कदर करत नाही. कोल्हापूर-पुण्यात मराठी आणि धारवाड-हुबळी-बंगळुरात कन्नड अशा दोन्ही भाषांत सहज बोलणारी माणसे आपल्या शॉपफ्लोअरवर असतात. धारवाडच्या कंपनीत स्टोअरवाल्याशी किंवा लाइनवरच्या सुपरवायझरशी कन्नडमध्ये मोकळेपणाने बोलणारा आपला क्वालिटी इंजिनिअर सोबत असेल, तर मालक कॉन्फरन्स रूममध्ये बसून जे ऐकू शकत नाही ते तो अर्ध्या तासात ऐकून येतो. त्याला गाडीत बसवून ठेवू नये.

भेट झाली त्याच दिवशी एक छोटा ई-मेल जावा : आपण काय ऐकले, कोणी काय करायचे ठरले, आणि कोणत्या तारखेपर्यंत. तोंडी ठरलेले आठवड्याभरात विरते.

ड्रॉइंग, हिशोब आणि कोटेशन

ड्रॉइंग हाती आल्यावर लगेच रेट काढू नये. आधी पॅटर्नमेकर (वाळूचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना, म्हणजे पॅटर्न, बनवणारा), मोल्डिंगचा प्रमुख आणि मशीन शॉप यांना एकत्र बसवून ते करता येईल का, कुठे अडचण येईल, कोणती टॉलरन्स (मापातली मुभा) आपल्या मशीनला झेपणार नाही, हे पाहावे आणि त्याची लेखी टिपण कोटेशनसोबत पाठवावी. एखाद्या कोपऱ्याची त्रिज्या वाढवली तर श्रिंकेज (धातू थंड होताना आकसून येणारा दोष) कमी होईल असे सुचवणारे कोटेशन डिझाइन विभागापर्यंत पोचते. नुसता रेट पर्चेसच्या फाइलमध्येच राहतो.

आपला रेट जास्त असेल तर गुणवत्तेच्या नावाने तो रेटून नेण्यापूर्वी स्वतःशी हिशोब करावा. उदाहरण म्हणून १२ किलोचे कास्टिंग घेऊ. आपला दर किलोला १३० रुपये, म्हणजे नगाला १,५६०. दुसऱ्याचा १२२, म्हणजे १,४६४. फरक ९६ रुपयांचा. दुसऱ्याच्या मालात मशीनिंगनंतर शंभरात ६ नग बाद होतात आणि आपल्यात २, आणि एका नगाच्या मशीनिंगला ९०० रुपये लागतात असे धरले, तर ग्राहकाचे नगामागे सरासरी ३६ रुपये वाचतात. बाद कास्टिंग बदलून मिळते, त्यामुळे त्याची किंमत यात धरता येत नाही, आणि मशीनिंगचा खर्चही कंपनी डेबिट नोट काढून, म्हणजे पुरवठादाराच्या बिलातून कापून, वसूल करत असेल तर हे ३६ रुपयेही उरत नाहीत. म्हणजे ९६ रुपयांचे समर्थन केवळ रिजेक्शनवर होत नाही. उरलेला फरक कमी साठा, कमी तपासणी, टूलचे वाढलेले आयुष्य किंवा थांबलेल्या लाइनचे तास यांतून भरून निघतो का ते ग्राहकाच्याच आकड्यांवरून पाहावे, आणि निघत नसेल तर किती खाली यायचे ते आपल्याला आधीच कळलेले असते. हा तक्ता ग्राहकासमोर ठेवायला हरकत नाही. त्याच्या जागी त्याचे आकडे त्यालाच भरू द्यावेत.

कोटेशनमध्ये पिग आयर्न आणि स्क्रॅपचा कोणत्या महिन्याचा दर आधार धरला आहे, तो किती हलला की रेट बदलणार आणि किती महिन्यांनी आढावा घेणार, हे स्पष्ट लिहावे. हे कलम नसलेली ऑर्डर चढत्या बाजारात तोट्याचे खाते ठरते. पॅटर्न कोणाच्या मालकीचा, त्याचे पैसे एकरकमी की नगामागे वसूल करायचे, ठरलेले नग उचलले गेले नाहीत तर बाकी रकमेचे काय, हेही त्यातच असावे. राज्याबाहेर माल जाताना आयजीएसटी लागतो आणि राज्यात सीजीएसटी व एसजीएसटी. ग्राहकाला दोन्हींचे क्रेडिट मिळत असल्याने तुलना नेहमी करापूर्वीच्या, पण वाहतूक धरून काढलेल्या रेटवर करण्याचा आग्रह धरावा.

नमुन्यापासून मंजुरीपर्यंत

नमुने पाठवल्यानंतर येणारी शांतता अनेक चांगल्या कामांचा घास घेते. नमुना स्टोअरमध्ये पडून असतो, तपासणीचा माणूस रजेवर असतो, मशीनिंगच्या ट्रायलसाठी मशीन रिकामे नसते, आणि आपण दर सोमवारी पर्चेसला फोन करून काय झाले असे विचारत राहतो. यावर उपाय म्हणजे नमुना देण्यापूर्वीच दोन्ही बाजूंचे वेळापत्रक एका पानावर मांडून घेणे : पॅटर्न तयार होण्याची तारीख, पहिला नमुना, त्यांच्याकडील मापांची तपासणी, मशीनिंग ट्रायल, फिटमेंट, ट्रायल लॉट, ऑडिट आणि अंतिम सही. प्रत्येक ओळीसमोर माणसाचे नाव हवे, विभागाचे नव्हे. त्यांच्या बाजूने तारखा द्यायला कोणी तयारच नसेल, तर त्या कंपनीला आपली गरज सध्या नाही हे पॅटर्नवर पैसे घालण्यापूर्वीच कळते.

वाहन उद्योगात पीपीएपीची, म्हणजे नवा भाग उत्पादनाआधी मंजूर करून घेण्याची, फाइल मागितली जाते. तिचे १८ घटक असतात आणि बहुधा तिसऱ्या पातळीचे सादरीकरण अपेक्षित असते. ती बाहेरच्या सल्लागाराकडून लिहून घेतली तरी प्रोसेस फ्लो, संभाव्य दोषांचा अभ्यास आणि कंट्रोल प्लॅन हे तीन कागद एकमेकांशी आणि शॉपफ्लोअरशी जुळतात का, ते मालकाने स्वतः पाहावे. ऑडिटरला चकचकीत रंग दिलेली जमीन फारशी दिसत नाही. मोल्डिंगवरच्या कामगाराला वाळूच्या ओलाव्याची मर्यादा विचारली आणि त्याने कंट्रोल प्लॅनमधलाच आकडा सांगितला, की त्याचे समाधान होते.

पैशांच्या अटी

ऑर्डर हातातोंडाशी आली की पेमेंटच्या अटीवर बोलण्याचे धाडस होत नाही आणि ९० दिवस मान्य केले जातात. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागू होते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आली की अशा पुरवठादाराची मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी) पहिला माल जाण्यापूर्वीच झालेली असावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर असावा. मात्र हा कायदा पहिल्याच बैठकीत टेबलावर आपटू नये. काही खरेदीदार त्याच कारणासाठी लघु पुरवठादाराला टाळतात. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स मंचावर, म्हणजे पुरवठादाराला बिलाचे पैसे बँकांकडून लवकर मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी सक्तीची आहे. आमचे बिल ट्रेड्सवर स्वीकारा, तुमचे दिवस तुम्हाला आणि आमचे पैसे आम्हाला मिळतील, ही मांडणी वित्त विभागाला पटण्यासारखी असते.

साखर कारखान्यांची गोष्ट वेगळी

चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी आणि निपाणी या भागांतील साखर कारखाने हे आपल्या दारातले ग्राहक आहेत, पण त्यांची घडी वाहन उद्योगासारखी नाही. इथे सगळे काही गळीत हंगामावर बेतलेले असते. साधारण नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपते. त्यानंतर मिल उघडली जाते, रोलर, पंप, गिअर आणि साखळ्यांची झीज मोजली जाते आणि देखभालीच्या मालाच्या मागण्या निघतात. जूनमध्ये कोटेशन घेऊन जाणाऱ्याला बहुतेक वेळा यादी आधीच वाटली गेलेली दिसते. हंगाम ऐन भरात असताना चीफ इंजिनिअरकडे जावे, कोणत्या पंपाने किती वेळा दगा दिला ते टिपून घ्यावे, एखादा इम्पेलर (पंपातला फिरणारा पंखा) तातडीने करून द्यावा, आणि गाळप थांबण्यापूर्वी पुढच्या देखभालीचा लेखी प्रस्ताव त्याच्या हाती ठेवावा.

सहकारी कारखान्यात चीफ इंजिनिअर माल सुचवतो, स्टोअर तुलनात्मक तक्ता करतो, व्यवस्थापकीय संचालक त्यावर शेरा मारतो आणि खरेदी समिती किंवा संचालक मंडळ मंजुरी देते. समितीची बैठक कधी आहे हे माहीत नसेल तर महिना सहज जातो. ज्यांची ओळख संचालकांशी असते ते तिथूनच सुरुवात करतात, पण वरून आलेला पुरवठादार इंजिनिअरला आवडत नाही आणि मालात खोट काढणे त्याच्या हातात असते. खालून वर जाणे अधिक टिकाऊ. पैशांच्या बाबतीत लक्षात ठेवावे की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्यांचे एफआरपीचे (सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे) पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर असते, आणि साखरेचा उठाव मंद असेल तर पुरवठादाराची बिले साहजिकच मागे पडतात. म्हणून इथे आगाऊ रक्कम आणि माल पोचताच मोठा हिस्सा, असेच ठरवावे.

साप्ताहिक आढावा आणि माघार

दर आठवड्याला अर्धा तास देऊन यादीतील प्रत्येक कंपनीसमोर एकच गोष्ट लिहावी : ग्राहकाने उचललेले शेवटचे पाऊल कोणते आणि केव्हा. आपण किती फोन केले याला महत्त्व नाही. त्यांनी ड्रॉइंग पाठवले, कोणाला तरी कारखाना पाहायला पाठवले, सध्याच्या रिजेक्शनचे आकडे दिले, तर काम हलते आहे. दोन महिने त्यांच्या बाजूने काहीही झाले नसेल तर बदल हवा असलेल्या माणसाला सरळ विचारावे की अडले कुठे. उत्तर मिळाले नाही तर नाव यादीतून काढून दुसरे घालावे, आणि सहा महिन्यांनी त्या कंपनीत कोण बदलले ते पाहावे. पर्चेस हेड किंवा प्लांट हेड बदलला की बंद झालेली फाइल पुन्हा उघडते, हा इथला नेहमीचा अनुभव आहे.

ऑर्डर सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत विक्रीसाठी फिरलेला माणूस त्या खात्यावरून काढू नये. प्रत्येक लॉटसोबत तपासणी अहवाल आणि महिन्याअखेरीस पाठवलेले नग, वेळेवर पोचलेले नग आणि बाद नग यांचे एक पान गुणवत्ता, उत्पादन आणि पर्चेस या तिघांनाही जावे. तिसऱ्या महिन्याचे पान चांगले असेल तर त्याच आठवड्यात दुसऱ्या भागाचे ड्रॉइंग मागावे. व्हेंडर कोड, ऑडिट आणि ओळख हे तिन्ही खर्च एकदा झालेले असल्याने दुसरा भाग मिळायला पहिल्याच्या मानाने फार कमी वेळ लागतो.